ओहायोतलं आमिश भागातलं जुनं दुकान: पोराचा एक दिवस घालवावा का?

शेंगाचटणी

नमस्कार. मी सोलापूरची. ऑक्टोबरात मुलाकडं कोलंबसला चाललेय. तो म्हणतो, आई, आमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या तिकडच्या ख्रिस्ती लोकांच्या, भागात एक दुकान आहे, तिथं अजून कंदील नि ताक घुसळायची भांडी मिळतात, तुला दाखवतो. माझ्या वडलांचं मंगळवार पेठेत किराणा दुकान होतं, ते गेले नि दुकान बंद झालं. त्यामुळं ओढ तर फार आहे. पण नुसता बघ्यांसाठी मांडलेला देखावा असेल तर पोराचा सुट्टीचा रविवार वाया घालवायचा नाही. कुणी जाऊन आलंय का? आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगा.

भुसारवाला

ताई, जरूर जा, पण रविवारी नको. रविवारी त्या भागात बहुतेक सगळं बंद असतं, हे दुकानसुद्धा. मुलाला शनिवार काढायला सांगा.

मी 2019 च्या जूनमध्ये लेकीकडं गेलो होतो, तेव्हा किड्रन गावातलं लेहमन्स पाहिलं. कोलंबसहून गाडीनं दोनेक तास. माझं सगळं आयुष्य जोडभावी पेठेत भुसार दुकानाच्या गल्ल्यावर गेलं, तेव्हा माझी नजर आधी फळ्यांवर नि मापांवर जाते. 1955 साली जे लेहमन (Jay Lehman) नावाच्या गृहस्थांनी ते काढलं, आसपासच्या आमिश लोकांना विजेवाचून चालणारा माल मिळावा म्हणून. आता लांबलांबचे लोक बघायला येतात, गर्दी असते. पण माल खरा आहे. घरात वापरायलाच नेतात.

रांगेत माझ्यापुढं पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा होता. गवती हॅट, खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार. त्यानं कंदिलाच्या तीन काचा घेतल्या. गल्ल्यावरच्या बाईनं एकेक काच कागदात गुंडाळली नि खोक्यात बसवली, एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली, म्हणजे पोटाला पोट घासत नाही. आमचे वडील अश्शाच बसवायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या आधी खेड्यावरचे लोक काचा न्यायला यायचे, तेव्हा मी शेजारी उभा राहून कागद फाडून द्यायचो. मला तिथं भरून आलं. लेक म्हणाली, बाबा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काचा बघतोय.

वाती रुंदीच्या मापानं वेगवेगळ्या लावलेल्या. आपल्याकडं आता चांगली वात मागितली तर दुकानदार तोंडाकडं बघतो. हातानं फिरवायच्या धान्याच्या चक्क्या, बिडाचे तवे, कपडे पिळायचे रूळ, लाकडावर चालणाऱ्या शेगड्या. एका बाजूला मोठे फ्रिज होते, ते गॅसवर चालणारे! मी लेकीला विचारलं, वीज चालत नाही तर फ्रिज कसा चालतो? तिनं समजावलं ते मला फार पटलं. वीज म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं नाही. तारेनं घर बाहेरच्या जगाला बांधलं जाऊ नये, ही त्यांची काळजी. काय घ्यायचं नि काय नाही हे प्रत्येक वस्तीची चर्चची मंडळी आपापलं ठरवते, त्यामुळं एका वस्तीत चालतं ते शेजारच्या वस्तीत चालेलच असं नाही. सुतारकामाची यंत्रंसुद्धा कितीतरी ठिकाणी दाबाच्या हवेवर चालवतात. म्हणजे जुनं म्हणून धरून बसलेत असं नाही, एकेक वस्तू घासून-तपासून घरात घेतात.

पुढं एका छोट्या दुकानात आमिश बायकांनी शिवलेल्या गोधड्या होत्या. आमच्या हिनं सवयीनं वाकळ उलटी केली नि मागचे टाके बघितले. तिथं बसलेली आजी हसली, उठून आली, नि दुसरी एक उलगडून तिचीही मागची बाजूच आधी दाखवली. भाषा ना हिला कळत होती ना तिला, पण दोघी पंधरा मिनिटं टाके बघत होत्या.

एकच विनंती, ताई. माणसांचे फोटो काढू नका. प्रतिमा करू नये ही देवाची आज्ञा ते मानतात, नि स्वतःला मिरवणंही त्यांना पटत नाही. रस्त्यात घोडागाडी दिसली, मागं नारिंगी त्रिकोण असतो, तर मुलाला वेग कमी करायला सांगा. हॉर्न नको.

कडकभाकरी

काकांनी छान लिहिलंय. शाकाहारीचं मी सांगते. पाय (pie, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घेताना कवचात चरबी आहे का ते विचारा, डुकराची चरबी घालायची तिथं रीत आहे. नूडल्समध्ये अंडं असतं, नि बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ॲपल बटर मात्र बिनधास्त घ्या, नावात लोणी असलं तरी त्यात लोणी नसतं. सफरचंद तासन्‌तास आटवून मसाला घालतात, आपल्या गुळांब्याच्या जवळचं वाटतं. मसाले, पिठं, डाळी पारदर्शक पिशव्यांत वजन करून ठेवलेली असतात, सुट्या मालाच्या दुकानांत नक्की डोकवा.

नि बिडाचा तवा घ्यायचा मोह होईल. बारा इंचीचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. तो विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेतच टाका. कंदिलाची काच मात्र हातातल्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

शेंगाचटणी

काका, वाचताना रडू आलं. अण्णा काच दिव्यासमोर धरून तडा बघायचे, ते आठवलं. शनिवारचं मुलानं कबूल केलंय. त्यानं तिथल्याच एका दुकानातल्या बरणीचा फोटो पाठवलाय, काळपट मधासारखं काहीतरी, वर सॉर्घम लिहिलंय. हे काय असतं?

भुसारवाला

अहो ताई, सॉर्घम म्हणजे आपली ज्वारीच! गोड ताटाच्या ज्वारीचा रस काढून आटवतात, म्हणजे ज्वारीची काकवी. आपल्याकडं फलटणच्या निंबकरांच्या संस्थेनं गोड ज्वारीवर नि तिच्या काकवीवर पुष्कळ काम केलंय. तुम्ही जाताय तो तिकडं रस आटवायचाच हंगाम, ताजी मिळेल. उसाच्या काकवीपेक्षा किंचित आंबूस लागते. भाकरी गरम असताना वरून धार सोडा, थोडं तूप. मी दोन बरण्या आणल्या होत्या, एक नातवानं आठवड्यात संपवली. जमलं तर माझ्यासाठी एक आणा, पैसे देतो.