मदत हवी आहे: संत्र्याच्या कलमावर अळ्या, आणि कोषातून भलतंच काही निघालं

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. दोन वर्षांपूर्वी अंगणात संत्र्याचं कलम लावलं, जंबेरी खुंटावरचं. आता कमरेएवढं झालंय. मृगाच्या पावसानंतर छान नवती फुटली आणि आठवड्याभरात शेंड्यांवर नुसत्या शिरा उरल्या.

अळ्या लिंबावरच्या फुलपाखराच्या आहेत, एवढं नक्की. लहान असताना चिमणीच्या शिटीसारख्या काळ्या-पांढऱ्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काडी लावली की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढतात आणि आंबूस उग्र वास सुटतो. सासरे म्हणतात, "फवारा मारून टाक, झाड जगवायचं का अळ्या पोसायच्या?" त्यांचं आयुष्य काटोलकडे संत्र्याच्या बगीच्यात गेलं, त्यामुळे त्यांचा शब्द सहज मोडवत नाही.

पण एक गोष्ट घडली आणि माझा हात थांबला. मुलीने कुंपणावरचे दोन कोष काडीसकट आणून बरणीत ठेवले, वर मलमल बांधली. एकातून फुलपाखरू निघालं. दुसरा तपकिरी पडला. बरेच दिवस काही होईना. मग एका सकाळी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं आणि काचेवर तीसेक माश्या चालत होत्या, मुंगीपेक्षा लहान, उन्हात हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या. मुलगी रडली. मला मात्र वाटलं, माझं काम करणारं कोणीतरी अंगणात आधीच आहे.

या माश्यांच्या भरवशावर राहिले तर झाड वाचेल का? आणि स्वयंपाकघरामागे गोडनिंबाचं (कढीपत्त्याचं) मोठं झाड आहे, अळ्या तिकडे नेऊन सोडल्या तर खातील का? दोन्ही एकाच कुळातली झाडं ना?

प्रतिसाद:
ताई, वर्णनावरून त्या टेरोमॅलस जातीच्या परजीवी माश्या वाटतात. अळी कात टाकून नुकताच कोष झाला, तो मऊ असतानाच मादी त्यात अंडी घालते. पण यातली मेख अशी, की तोवर त्या अळीचं खाऊन झालेलं असतं. ही माशी यंदाची पानं वाचवत नाही, पुढच्या पिढीतली फुलपाखरं कमी करते. पानं वाचवणारी ती दुसरी परजीवी माशी, ट्रायकोग्रामा, ती अंड्यातच अळी संपवते. तिच्यासाठीही विषारी फवारा नकोच.

झाडही गप्प बसत नाही. मक्याच्या पानावर अळीची लाळ लागली की पान एक वेगळाच वास सोडतं आणि त्या वासावर परजीवी माश्या येतात, हे 1990 मध्ये दाखवलं गेलं. लाळेतलं ते रसायन, व्होलिसिटिन, 1997 मध्ये ओळखलं. तरीही कमरेएवढ्या कलमाला सगळी नवती गमावणं झेपत नाही. सासऱ्यांची काळजी खरी आहे. जुन्या मोठ्या झाडाला थोडी पानं गेली तर फरक पडत नाही, याचं मात्र अख्खं वर्षाचं वाढणं त्या शेंड्यांत आहे.

हो, गोडनिंब याच फुलपाखराला चालतो, बेलसुद्धा. पण लहान, काळ्या-पांढऱ्या असतानाच हलवा. मोठी अळी ज्या पानावर वाढली त्याला सरावते, कधीकधी नवं पान तोंडाला लावत नाही. नवती असेल तेव्हा एक-दोन दिवसाआड कोवळी पानं उलटून बघा. मोहरीएवढी गोल, फिकट पिवळी अंडी एकेकटी असतात. कुंपणावरचे कोष तसेच राहू द्या. अळ्या फारच वाढल्या तर त्यांच्यावरच चालणारं बीटी, म्हणजे जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक, आहे, पण ते गोडनिंबावर मारू नका. अजून शंका असेल तर अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पानं घेऊन जा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. "कोषापर्यंत खाऊन झालेलं असतं" हे मला सुचलंच नव्हतं, आणि सासऱ्यांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "हे बरोबर आहे." काल संध्याकाळी ते स्वतः चष्मा लावून पानं उलटत बसले. अकरा अळ्या गोडनिंबावर नेल्या. सकाळी नऊ पानावर दिसल्या, त्यातल्या सात खात होत्या. दोन मोठ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, त्यांना मी परत संत्र्याच्या खालच्या जून पानांवर ठेवलं. शेंड्यांवर जातात का, ते बघतेय.