मदत हवी आहे: टेक्सासमध्ये पाण्याच्या डिस्ट्रिक्टसाठी 1904 ला मतदान झालं, मग 1917 ला परत का?

नमस्कार मंडळी, लेकीला सातवीत टेक्सासचा इतिहास आहे आणि प्रोजेक्टला तिने विषय उचललाय इरिगेशन डिस्ट्रिक्टचा (म्हणजे जिल्हा नव्हे, पाण्याच्या कामासाठी ठरवलेला भाग आणि त्याची स्थानिक संस्था), त्यामुळे आता मलाही अभ्यास आलाच 😀

मला समजलंय ते असं. नोव्हेंबर 1904 मध्ये राज्यभर मतदान होऊन घटनादुरुस्ती झाली, की एखाद्या भागातल्या मतदारांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तर त्या डिस्ट्रिक्टने बॉण्ड काढायचे, त्यातून धरण, कालवे, तलाव काय लागेल ते बांधायचं आणि टॅक्स लावून फेडायचं. फक्त कर्ज तिथल्या जमीनजुमल्याच्या सरकारी मूल्यांकनाच्या एक चतुर्थांशावर जाता कामा नये. इथपर्यंत ठीक. मग ऑगस्ट 1917 ला परत मतदान, परत दुरुस्ती (अनुच्छेद 16, कलम 59) आणि ही मर्यादाच उडवली. पुस्तकात कारण दिलंय दुष्काळ आणि 1913 चे पूर, ते पटतं, पण त्यासाठी मर्यादा कशाला काढायची?

आणि बॉण्डला मत कोणाचं? दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या वाटेकऱ्यांना होतं का? जुने निकाल कुठे बघायला मिळतील?

---

प्रतिसाद:
अहो मूल्यांकन होतं जिरायत जमिनीचं आणि कर्ज हवं ती बागायत करायला, तिथेच घोडं अडलं. समजा एकराला 10 डॉलर धरले तर कर्ज अडीच डॉलरपर्यंतच, आणि धरण-कालव्याला एकरी 20 लागले तर? पाणी आल्याशिवाय भाव वाढत नाही आणि भाव वाढल्याशिवाय पैसे उभे राहत नाहीत. लेकीला हेच गणित मांडायला सांगा, मार्क मिळतील.

मताचं म्हणाल तर 1917 च्या मजकुरात बॉण्डसाठी मालमत्ता कर भरणारे मतदार असं स्पष्ट होतं, म्हणजे ज्या वाटेकऱ्याच्या नावावर कर लागेल असं काहीच नाही तो बाहेर. वर 1902 पासून पोल टॅक्स (डोईपट्टी), तो भरला तरच मत, आणि बायकांना तर 1917 ला मतच नव्हतं. हे प्रोजेक्टमध्ये नक्की घाला, बहुतेक जण दुष्काळावरच थांबतात.

निकाल टेक्सास विधिमंडळाच्या लायब्ररीच्या साइटवर बघा. जुने पेपर पोर्टल टू टेक्सास हिस्टरीवर स्कॅन केलेले आहेत, फुकट.

---

धागाकर्ता:
जिरायत-बागायत म्हटल्यावर लगेच डोक्यात बसलं, धन्यवाद! आता लेकीला जिरायत इंग्रजीत काय सांगू तेवढं बघतो.