मदत हवी आहे : बंब काढून सोलर लावू की हीट पंप?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळ खेड्यात आमचं घर, माणसं नऊ. आजवर अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबावर, शेतातल्या पऱ्हाट्या जाळून. आता आईला धूर सोसत नाही.

पुतण्या आयर्लंडला असतो. तो म्हणतो, तेलावर चालणारा बॉयलर घ्या, नव्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर असते. अरे बाबा, तिकडे अख्खं घर तापवायचं असतं. इथे मे महिन्यात टाकीचं पाणीच चटका देतं! डिझेलचा भाव बघून तो विषय संपवला.

हिशोब केला. २०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साध्या गिझरला साधारण ५.८ युनिट लागतात, हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला दोन-अडीच. सोलरला तर ऊन फुकट. पण आमचं पाणी बोअरचं, चांगलंच जड. बंब खरवडला की पांढऱ्या खपल्या परातभर निघतात. तीच गत सोलरच्या काचेच्या नळ्यांची होईल ना?

धुळे-जळगावकडे बोअरच्या पाण्यावर सोलर चालवणारं कोणी आहे का? क्षार कितीदा काढावे लागतात? हीट एक्स्चेंजरवालं (म्हणजे ज्यात बोअरचं पाणी नळ्यांत न जाता बाहेरून तापतं ते) घेतलं तर जास्तीचे पैसे वसूल होतात का? आणि हीट पंप बिघडला तर दुरुस्तीला माणूस इथला मिळतो, की नाशिकहून बोलवायचा?

गॅस गिझर कृपया सुचवू नका. न्हाणीला खिडकी नाही, कार्बन मोनॉक्साइडची भीती वाटते.