डोळे नाहीत, नाक नाही, मग समुद्री अर्चिनला शेवाळ सापडतं कसं?

रात्रपाळी:
माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लिंबाएवढा एक समुद्री अर्चिन, म्हणजे काट्यांच्या गोळ्यासारखा समुद्री प्राणी, आहे. गेले तीन आठवडे रोज रात्री दिवा मालवून, लाल टॉर्च घेऊन मी त्याच्यासमोर बसते. शेवाळाचा तुकडा चिमट्यात धरून त्याच्यापासून हातभर लांब, दगडाआड लावते. पंप चालू असला आणि प्रवाह तुकड्याकडून त्याच्याकडे वाहत असला, तर वीसेक मिनिटांत त्या बाजूचे नळीसारखे पाय लांब होतात. काट्यांच्याही बाहेर येऊन पाण्यात चाचपडतात. मग तो हळूहळू निघतो. पंप बंद असला की तासभर जागचा हलत नाही.

त्याला ना डोळे, ना नाक, ना मेंदू. मग कळतं कशानं? आणि कुठं जायचं ते ठरवतं कोण?

खारंपाणी:
ताई, पंपाचं तुम्ही जे टिपलंत त्यातच निम्मं उत्तर आहे. मी सहा वर्षं प्रयोगशाळेत अर्चिन सांभाळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवाळातून पाझरणारे रेणू पाण्यात आपले आपण फार सावकाश पसरतात. अगदी स्तब्ध पाण्यात नुसत्या विसरणानं एक सेंटिमीटर जायलाच कित्येक तास लागतात. हातभर अंतर म्हणाल तर वर्षं लागतील! टाकीतलं पाणी इतकं स्तब्ध कधीच नसतं, पण वास वाहून आणण्याचं खरं काम प्रवाहच करतो. त्यामुळे प्रवाहाच्या वरच्या अंगाला बसलेल्या अर्चिनला खाणं वीतभर अंतरावर असूनही पत्ता लागत नाही.

आता नाक. ते एका जागी नाही, त्या पायांवरच पसरलेलं आहे. या नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या पायांच्या, पाच दुहेरी रांगा असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाच्या चकतीत संवेदी पेशी असतात. चालायला, चिकटून राहायला आणि हुंगायला अवयव एकच. 2006 साली जांभळ्या अर्चिनचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात रसायनं ओळखणाऱ्या ग्राहींची शेकडो जनुकं सापडली. ज्याला नाकच दिसत नाही अशा प्राण्यात एवढी! मला तर त्या वाचनानंतर अर्चिनकडे नुसतं काट्यांचा गोळा म्हणून बघणं जमेना.

एकदा मी काचेच्या भांड्यातल्या अर्चिनच्या एका अंगाला पिपेटनं शेवाळाच्या अर्काचा थेंब सोडला. त्या अंगाचे दहा-बारा पाय ताणून थेंबाकडे वळले, चकत्या उघड्या, टोकं थरथरत होती. पलीकडच्या अंगाचे पाय मात्र काचेला तसेच घट्ट. एकाच जिवाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या बातम्या.

दिशा ठरवायला मेंदू नाही हे खरं, पण तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं असतं आणि त्यातून पाच मोठे मज्जातंतू निघतात. शिवाय त्याला पुढची-मागची बाजू नसते, म्हणून वळावं लागत नाही. ज्या बाजूला वास लागला ती बाजू पुढची, एवढं साधं. प्रवाहात वास सलग येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि माझं मत असं की त्याची संथ चाल इथं उपयोगीच पडते: घाई नसल्यामुळे एखादा तुकडा हुकला तरी पुढचा येईपर्यंत तो थांबू शकतो.

तळठाव:
वरचं पटलं, पण एक शंका. 2011 च्या सुमारास जांभळ्या अर्चिनच्या नलिकापादांत प्रकाश ओळखणारी प्रथिनंही सापडली आहेत. तेव्हा तो वासावर येतोय की तुकड्याच्या गडद सावलीकडे, हे आधी तपासायला हवं. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा प्लास्टिकचा तुकडा त्याच चिमट्यात लावून बघा.

आणखी एक. वास फक्त बोलावणारा नसतो. काही जातींच्या ठेचलेल्या अर्चिनचा रस पाण्यात सोडला तर शेजारचे त्याच जातीचे अर्चिन पळ काढतात. ठेचल्याचा वास म्हणजे शत्रू जवळ आहे. आणि शेवाळ आहे म्हणून ते खाल्लं जाईलच असंही नाही. थंड समुद्रातले हिरवे अर्चिन अगॅरम नावाचं तपकिरी शेवाळ शक्यतो टाळतात, दुसरं काही मिळत असेल तर त्याला तोंडही लावत नाहीत.

रात्रपाळी:
दोघांचेही आभार. पाच रात्री प्लास्टिकचा तुकडा लावला, पंप चालू ठेवून. चार रात्री पाय आत-बाहेर होत राहिले, पण तो हलला नाही. एका रात्री मात्र तुकड्यापर्यंत गेला, चढला, दोन-तीन पाय टेकवले आणि उतरला. ही एक रात्र मला अजून उलगडलेली नाही. आदल्या दिवशी त्याच चिमट्यात खरं शेवाळ होतं आणि चिमटा मी नुसता पाण्यात हलवून धुतला होता.

आज चिमटा उकळून घेतला आहे. दिवा आत्ताच मालवला.