अंटार्क्टिकाचा भूखंडमंच किनाऱ्याकडे खोल का होत जातो?

प्रश्न

इतर खंडांभोवतीचा भूखंडमंच, म्हणजे खंडाच्या कडेचा पाण्याखालचा सपाटसर भाग, समुद्राकडे हळूहळू उतरतो आणि साधारण १३० मीटर खोलीवर संपतो. अंटार्क्टिकाचा मंच मात्र सरासरी ५०० मीटरच्या आसपास खोल आहे, आणि तो उलट किनाऱ्याकडेच अधिक खोल होत जातो; तिथले काही चर तर हजार मीटरांपेक्षाही खोल आहेत. बर्फाने इतके कोरून काढले असेल, तर त्याच खंडाची कड गाळाने भरत समुद्रात पुढे सरकलेली भूकंपीय छेदांत (ध्वनिलहरींनी टिपलेल्या तळाखालच्या थरांच्या चित्रांत) कशी दिसते?

पहिले उत्तर

खनन (बर्फाने कोरणे) आणि भरण (गाळ साचणे) यांच्या जागा वेगळ्या आहेत. हिमचादरीतले वेगवान हिमप्रवाह तळाचा खडक भरडतात आणि तो भरडा ओल्या, मऊ थराच्या रूपात आपल्याबरोबर पुढे ओढत नेतात. हिमकाल ऐन भरात असताना तळाला टेकलेला बर्फ मंचाच्या टोकापर्यंत पोहोचतो, तेव्हा आतला मंच कोरला जातो आणि तिथला सगळा माल थेट खंडान्त उताराच्या, म्हणजे मंच संपून खोल समुद्राकडे जाणाऱ्या उताराच्या, माथ्यावर येऊन पडतो. तिथे तो ठरत नाही. दगड-चिखलाचे लोट होऊन खाली घसरतो, आणि अशा लोटांचे थरावर थर चढून उतार पुढे सरकतो. मंचावर मात्र पुढचा हिमप्रवाह आधीचे थर पुन्हा खरवडून नेत असल्यामुळे तिथली नोंद तुटक राहते. बर्फाच्या भाराने भूकवच दबते हेही खरे, पण आतल्या खोलीचे मुख्य कारण खननच आहे.

उबदार कालखंडात हा पुरवठा जवळजवळ थांबतो. मग मंचावर डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा चिखल आणि हिमनगांतून गळून पडलेले खडे एवढेच साचतात.

दुसरे उत्तर

हे भरण सगळ्या कडेवर सारखे होत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. हिमप्रवाहांच्या चरांच्या तोंडाशी ते एकवटते आणि तिथे पंखाकृती निक्षेप तयार होतात. असे निक्षेप उत्तर ध्रुवाकडेही आहेत: नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम कडेवरचा बेअर आयलंडचा निक्षेप २ लाख चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. बर्फाने न व्यापलेल्या मंचांवर हिमकालात समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली गेली की नद्या मंचाच्या कडेपर्यंत गाळ नेतात. अंटार्क्टिकाचा मंच तेवढ्याने उघडा पडत नाही, तिथे ते काम बर्फालाच करावे लागते.

तिसरे उत्तर

प्रत्येक हिमकालात बर्फ कडेपर्यंत गेलाच, असे मात्र धरू नये. पूर्व अंटार्क्टिकातल्या प्रिड्झ उपसागराच्या तोंडाशी २००० साली केलेल्या सागरतळ वेधनातून (ड्रिलिंगमधून) दिसले, की तिथल्या पंखाकृती निक्षेपाचा बहुतांश भाग सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीच तयार झाला होता. अलीकडच्या हिमकालात तर त्या चरात टेकलेला बर्फ कडेच्या अलीकडेच थांबला. याचे एक पटण्याजोगे कारण आपल्या प्रश्नातच आहे: चर जितका खोल कोरला जातो तितका बर्फ लवकर तरंगू लागतो, आणि तरंगणारा बर्फ तळाचा गाळ ओढून कडेपर्यंत नेऊ शकत नाही.