नवीन पॉलिहाऊस : बेड वरून कोरडे, खाली चिखल आणि पहाटे छतातून टपटप. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मावळात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस यंदाच उभं राहिलं. ऑगस्टअखेर जरबेराची ६,००० रोपं लावली. बेड लाल मातीचे, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून दीड फूट उंच. दोन ओळींत एक ठिबकची नळी, फुटाफुटावर ताशी २ लिटरचा ड्रिपर. रोज सकाळी अर्धा तास पाणी, म्हणजे रोपाला साधारण अर्धा लिटर. सल्लागाराने उभारणीच्या वेळी लिहून दिलं, तेच चालवतोय.

आता ऑक्टोबरचं ऊन लागलं तसा बेडचा वरचा थर दुपारपर्यंत राखेसारखा होतो. म्हणून संध्याकाळीही १५ मिनिटं पाणी सुरू केलं. काल खुरप्याने वीतभर उकरून मूठ दाबली, तर बोटांच्या फटींतून पाणी आलं. वडील म्हणाले, "याला वाफसा म्हणतात का रे?" काय बोलणार!

आर्द्रतेचं तर विचारूच नका. मीटर दुपारी २ ला ४२ टक्के दाखवतो, पहाटे ९७. दुपारी फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारे नोझल) लावतो, संध्याकाळी पाचला बाजूचे पडदे बंद. सकाळी आत गेलं की छताच्या प्लास्टिक पेपरवरून थेंब गळत असतात, तेही मधल्याच दोन बेडांवर. तिथली नऊ रोपं मलूल झाली. एक धरून ओढलं तर मुळं जमिनीतच राहिली, वरचा भाग अलगद हातात.

पाणी कमी करू की पडदे उघडे ठेवू? पेपर नवीन आहे, तरी गळतंय कसं?

प्रतिसाद :
भाऊ, संध्याकाळचं पाणी आजच बंद करा. अर्धा लिटर हा फुलावर आलेल्या झाडाचा हिशेब, तुमची रोपं अजून लहान. वरचा थर वाळला तर वाळू द्या. मुठीत गोळा व्हावा, पाणी सुटू नये आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा, एवढीच ओल ठेवा.

पेपर गळत नाहीये. आत कोंडलेली वाफच रात्री गार पेपरला लागून थेंब होते. पडदे लावून घ्यावेत एवढी थंडी अजून कुठे पडलीय? रात्री ते हातभर उघडे ठेवा, फॉगर तीननंतर नको. थेंब दोनच बेडांवर पडतात म्हणजे तिथे पेपरला झोळ असणार, ताणून घ्या. मेलेली रोपं बाहेर नेऊन पुरा. आणि क्राऊन (जिथून पानं फुटतात तो रोपाचा गड्डा) मातीच्या वर आहे ना, ते आधी बघा.

धागाकर्ता :
दादा, आत्ताच पाहून आलो. झोळ आहेच, आणि त्या दोन बेडांवर क्राऊनवर बोटभर माती चढलीय. उद्या हाताने माती सारतो. ट्रायकोडर्मा (मूळकुजीवर वापरतात ती मित्रबुरशी) ठिबकमधून सोडला तर ड्रिपर तुंबतील का, की झारीनेच घालू?