"वारो सुटलो" म्हणजे नक्की काय समजायचं? मालवणात नवीन आहे

नागपुरी_मालवणात:
नोकरीसाठी नागपूरहून मालवणला आलोय. मालवणी शब्द आता बऱ्यापैकी कळतात, पण शब्द कळूनही समोरचा काय बोलला ते कळत नाही अशी गत आहे. रविवारी जेटीवर किल्ल्याच्या होडीसाठी थांबलेलो, होडीवाल्या काकांना विचारलं कधी निघणार, तर समुद्राकडे बघून नुसतं "वारो सुटलो हा". मला वाटलं हवापाणी सांगतायत, तोवर बाकीची मंडळी पिशव्या उचलून चालू पडली. शेजारचे आजोबा रोज "खय चललंस?" विचारतात आणि मी बँक, पोस्ट करत सांगेपर्यंत पुढे गेलेले असतात 😅 आणि इलेक्ट्रिशियनच्या "सांजेक येतंय" चं काय करायचं?

देवबागचो:
जेटीवर म्हणाले म्हणजे आज होडी नाय. तेच आमची आई घरात म्हणाली तर दोरीवरचे कपडे काढ, आणि मे महिन्यात कलमांच्या बागेत कोणी म्हटलं तर आंबा पडणार, गडी बोलवा. कोण बोलतोय, कुठे उभा राहून बोलतोय आणि ऐकणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे त्यावर सगळं. जूनमध्ये इकडे "बंदी उठली की बघू" म्हणतात, कसली बंदी ते कोणी विचारत नाय कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद हे शेंबड्या पोराला पण माहीत. मग त्या एका वाक्यात उधारी, इंजिनचं काम, घराची कौलं सगळं बसतं.

भाषावेडी:
फक्त कोकणात नाही हो. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. होडीच्या सफरीबद्दल तिथल्या लोकांचं बोलणं त्याने शब्दन् शब्द उतरवून घेतलं, आम्ही वल्हवतो, वळून बघतो, सोबती मागे आहे, असं काहीसं. वाचायला साधं वर्णन, प्रत्यक्षात ती बढाई होती, आमची होडी पुढे! प्रसंग माहीत नसेल तर बोलण्याचा अर्थ लागत नाही हे त्याने १९२३च्या निबंधात मांडलं. आजोबांचंही उत्तर त्यातच आहे, कुठून आलास असं तिथेही नुसतं बोलायचं म्हणून विचारतात असं तो लिहितो. माहिती नको असते, आपण एकमेकांचे आहोत एवढं कळलं की झालं. "हयच जरा बाजारात" म्हणा आणि हसा, बास.

कुडाळकर_७४:
भाषावेडी ताई, बाकी पटलं पण इलेक्ट्रिशियनला एवढं शास्त्र नको लावूया, तो टाळतोय 😂

देवबागचो:
नेहमी नाय हां. तोंडावर नाय म्हणणं इकडे जड जातं, म्हणून "येतंय" दोन्हीकडे चालतं, येणाऱ्याचं पण आणि न येणाऱ्याचं पण. जेवणाचं तसंच, "येवा कधीतरी जेवक" म्हणजे गोडीचं बोलणं, "रविवारी येवा, मासे खातात मा तुम्ही?" म्हणजे घरात सुरमईचा हिशेब सुरू झालाय. इलेक्ट्रिशियन नुसतं येतंय म्हणाला तर दुसरा शोधा. "शिडी आसा काय तुमच्याकडे?" विचारलंन तर चहा ठेवा.